हेदरखालची लेसर ट्वेब्लेड : स्कॉटलंडची बोटभर रानआमरी (शोधायच्या खुणा, फोटो, प्रश्न सगळं इथेच)

अवनी_अ‍ॅबर्डीन

नमस्कार मंडळी. मागच्या रानफुलांच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं की स्कॉटलंडात ऑर्किड असतात का, एवढ्या थंडीत कशी काय तग धरतात वगैरे. असतात, आणि चांगल्या पंचवीसेक जाती आहेत पण मला ज्या एका आमरीबद्दल म्हणजे ऑर्किडबद्दल लिहायचंय तिच्यावर मराठीत कुठे काही वाचलेलं आठवत नाही म्हणून वेगळा धागा काढतेय.

नाव लेसर ट्वेब्लेड, शास्त्रीय नाव निओटिया कॉर्डाटा. उंची बहुतेक वेळा सहा ते दहा सेंटीमीटर, फार तर वीस. दांड्याच्या साधारण मध्यावर समोरासमोर दोन बदामी आकाराची चकचकीत पानं, बस्स दोनच, आणि वर एक बारीक तुरा ज्याला पाच ते पंधरा फुलं. एकेक फूल काही मिलिमीटरचं, रंग तांबूस-हिरवा, काही ठिकाणी अगदी काळपट लाल. खालची पाकळी सापाच्या जिभेसारखी दुभागलेली, ती दिसली की ओळख पक्की समजा.

आता ही राहते कुठे. इकडच्या जुन्या स्कॉट्स पाइनच्या जंगलात आणि मुअरवर म्हणजे हेदर या बुटक्या झुडपाच्या माळावर. पण उघड्या माळावर नाही, हेदरच्या झुडपाच्या आत! जुनं हेदर गुडघ्याएवढं वाढतं, खालचे बुंधे उघडे पडतात, त्या बुंध्यांच्या मधे स्फॅग्नम शेवाळाची जाड ओली गादी असते, वरून हेदरचं छप्पर असल्यामुळे ऊन येत नाही वारा लागत नाही, आणि त्या अंधाऱ्या ओलसर पोकळीत ही उभी असते. वरून चालत जाणाऱ्या माणसाला काहीही दिसत नाही. वाकून दोन्ही हातांनी हेदर हळूच बाजूला करायचं आणि आत बघायचं, उत्तरेकडच्या उतारावर, जिथे पाय टाकल्यावर चुबुक आवाज येतो अशा जागी. पाइनच्या जंगलात मात्र ती शेवाळात जरा मोकळ्यावरही सापडते.

एक सांगते, फुलं न आलेली रोपं पण भरपूर असतात, नुसती दोन पानांची. सोबत ब्लेबेरीची (इकडचं ठेंगणं बेरीचं झुडूप) कोवळी फूट असते तिच्यात गल्लत होते, पण ब्लेबेरीची पानं एकाआड एक असतात, कडेला बारीक दाते असतात. ट्वेब्लेडची दोन पानं एकाच पेरावर समोरासमोर, कड सरळ. मुळांवरून नवीन कोंब फुटतात त्यामुळे एक सापडली की हातभर अंतरात अजून असतात, म्हणून गुडघा टेकायच्या आधी तिथलं शेवाळ नीट बघा.

मला ही का आवडते ते पण लिहिते. आपण ऑर्किड बघतो ते दिसण्यासाठी, ही माणसाच्या नजरेसाठी काही करतच नाही, तिचं सगळं चाललंय ते त्या ओल्या अंधारातल्या चिलटांशी आणि मातीतल्या बुरशीशी. ते कसं चालतं हे कळल्यावर ती मला कुठल्याही मोठ्या फुलापेक्षा भारी वाटायला लागली.

प्रश्न विचारा, माहीत असेल तेवढं सांगीन.

रानवेडा_सातारा

अवनीताई मस्त धागा. आमच्याकडे सीतेची वेणी झाडावर, आणि पावसात कासला नि सगळ्या सड्यांवर हबेनेरिया जमिनीतून येतात. ह्या जमिनीतल्या आमरींना खाली कंद असतो, ऑक्टोबरनंतर वरचं सगळं वाळतं आणि पुढचे सात-आठ महिने कंद तसाच पडून राहतो मग जूनला परत फुटतो. तुमच्या ह्या ट्वेब्लेडला कंद असतो का? बर्फात काय करते?

अवनी_अ‍ॅबर्डीन

@रानवेडा_सातारा फार नेमकं विचारलंत दादा, कारण तिची सगळी अडचण तिथेच आहे. हिला कंद नाही. शेवाळात आडवा पसरलेला एक बारीक मूलकांड आणि थोडी दोऱ्यासारखी मुळं, एवढंच. हिवाळ्यात वरचं मरतं आणि खालचा कोंब शेवाळाच्या आत थांबतो, वर बर्फाचं पांघरूण असलं तर उलट बरं, आतलं तापमान फार खाली जात नाही. थंडी तिला चालते, कोरडं पडणं चालत नाही. सह्याद्रीतल्या आमरींनी दुष्काळाची सोय करून ठेवलीय तशी हिच्याकडे नाही, एका उन्हाळ्यात जागा सुकली तर साठवणीतलं काढून खायला काही नाहीच. म्हणून जिथे बारा महिने ओल तिथेच ही.

मधुरा_व्हॅन

अगं अवनी ही तर आमच्याकडे पण आहे!! व्हॅनकुव्हरच्या आसपासच्या डोंगरात हेमलॉक आणि सीडरच्या जंगलात, मे-जूनला. इथे हार्टलीफ ट्वेब्लेड म्हणतात. हेदर-बिदर नाही, सरळ जंगलाच्या जमिनीवर शेवाळात, पडून कुजलेल्या ओंडक्यांच्या कडेने. आमच्याकडची फुलं बरीचशी स्वच्छ हिरवी असतात, मधेच लालसर पण दिसतात, दोन्ही शेजारी शेजारी. मला आधी वाटलं दोन वेगळ्या जाती आहेत पण नाही, एकच.

अवनी_अ‍ॅबर्डीन

हो गं मधुरा, ही सगळ्या उत्तर गोलार्धाला वेढा घालून आहे. ग्रीनलंड, आइसलंड, नॉर्वे-स्वीडन, सैबेरिया, जपान, अलास्का, कॅनडा. खाली दक्षिणेकडे यायचं तर डोंगर चढूनच, आल्प्समध्ये, अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या डोंगरांपर्यंत. इंग्लंडात दक्षिणेला फारच तुरळक, एक्समूरला आहे. म्हणजे जगाच्या हिशोबात दुर्मिळ नाही. पण 'जगात भरपूर आहे' म्हणून आपल्या इथली गेली तरी चालेल असं कोणी म्हणायला लागलं की मला पटत नाही.

निशिगंध

फोटो बघितले, क्लोजअपमधे तर एखादा छोटा माणूस हात पसरून उभा असल्यासारखं दिसतंय. पण एवढ्याशा फुलाकडे येतं कोण? मधमाशी तर बसूच शकणार नाही. आणि अंधारात मधमाशी जाणार कशाला?

पेठेतला_मास्तर

ह्याचं उत्तर मी देतो, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं आणि हा माझा आवडता विषय.

निशिगंध, येतात ती फंगस नॅट, म्हणजे बुरशीवर वाढणारी बारीक चिलटं. कुंडीतल्या ओल्या मातीवर काळे किडे उडतात ना, त्याच गोतावळ्यातली. ही ओल्या कुजक्या जागी हजारोंनी असतात. फुलाला किंचित बुरसट नकोसा वास असतो आणि खालच्या पाकळीच्या मधोमध मधाची बारीक पन्हळ असते. चिलट खाली उतरतं, मध चाटत चाटत पन्हळीतून वर चढतं आणि वर पोचलं की त्याचं डोकं एका नाजूक चोचीसारख्या भागाला लागतं, त्याला रॉस्टेलम म्हणतात. आता पुढचं ऐका. केसाच्या टोकाचा स्पर्श झाला तरी त्या चोचीतून चिकट द्रवाचा एक थेंब फट्‌कन बाहेर येतो, वर ठेवलेल्या परागपिंडांना आणि चिलटाच्या डोक्याला एकदम लागतो, आणि दोन-तीन सेकंदात सुकून घट्ट! चिलट दचकून उडतं ते डोक्यावर परागांचे गठ्ठे घेऊनच.

अजून पुढे आहे. थेंब उडाला की ती चोच खाली वाकते आणि मागच्या स्त्रीकेसराचं तोंड झाकते, म्हणजे लगेच स्वतःचेच पराग स्वतःला लागायला नकोत. नंतर ती परत वर उचलली जाते आणि मग फूल दुसऱ्याचे पराग घ्यायला तयार. आधी द्यायचं मग घ्यायचं, हा क्रम एका चार-पाच मिलिमीटरच्या फुलात बसवलेला आहे. डार्विनने १८६२ साली ऑर्किडवर आख्खं पुस्तक लिहिलं त्यात हिच्या मोठ्या बहिणीवर म्हणजे कॉमन ट्वेब्लेडवर त्याने स्वतः हे बारकाईने पाहून लिहिलंय. आणि अवनीबाई तुम्हाला आवडेल असं, ह्या छोटीचं निरीक्षण त्याला कळवलं ते अ‍ॅबर्डीनचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज डिकी यांनी, जिवंत रोपं बघून. चिलटं नक्की कुठली यावर पुढे १९७९ मध्ये अ‍ॅकरमन आणि मेस्लर या दोघांनी उत्तर कॅलिफोर्नियात काम केलं, त्यात फंगस नॅटच मुख्य पाहुणे निघाले.

निशिगंध

मास्तर दंडवत घ्या. मी हे तीनदा वाचलं. हा थेंब आपल्याला बघता येतो का?

पेठेतला_मास्तर

येतो. ताजं फूल, दहापट भिंग आणि गवताचं अगदी बारीक टोक. एकाच फुलावर बघायचं आणि थांबायचं, कारण तो थेंब एकदाच असतो, आपण उडवला तर चिलटासाठी उरत नाही. विद्यार्थ्यांना मी हेच सांगायचो, बघा जरूर पण त्या फुलाची एकुलती एक संधी आपण वापरतोय हे लक्षात ठेवून.

अवनी_अ‍ॅबर्डीन

डिकींचं मला माहीतच नव्हतं, मास्तर किती छान सांगितलंत! ज्या गावात राहते तिथल्याच माणसाने हे पाहिलं होतं, आता इथल्या मुअरवर जाताना दर वेळी आठवण येणार.

एक जोडते, हिची बोंडं फार पटकन पिकतात. तुऱ्याच्या वरच्या टोकाला फुलं अजून ताजी असतात आणि खालची बोंडं फुटून बी उडायला पण लागलेलं असतं. उत्तरेकडचा उन्हाळा छोटा, वेळ घालवून चालत नाही.

गोंयकार_तेजस

मी गोव्यात टेरॅरियम करतो, फ्रिजसारखं कूलिंग असलेलं काचेचं कपाट आहे, आत दहा-बारा अंश राखता येतात, शेवाळ मस्त वाढलंय. अवनीताई पुढच्या वर्षी भारतात येताना एक-दोन रोपं शेवाळासकट डब्यात आणता आली तर? माझ्याकडे नक्की जगेल, मी खूप काळजी घेतो झाडांची.

अवनी_अ‍ॅबर्डीन

तेजस, तुझी तळमळ कळतेय पण नाही, आणि कारण नीट सांगते म्हणजे तुला वाईट वाटणार नाही.

पहिलं कायद्याचं. इथे १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अ‍ॅक्टप्रमाणे जमिनीच्या मालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी झाड मुळासकट उपटणं गुन्हा आहे. शिवाय सगळीच्या सगळी ऑर्किड सायटिस या रानटी जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, कागदपत्रांशिवाय देशाबाहेर काढता येत नाहीत.

पण समज कायदा नसता तरी ती जगली नसती, आणि हे जास्त महत्त्वाचं आहे. ऑर्किडचं बी म्हणजे धूळ, आत अन्नाचा साठाच नाही. रुजायला त्याला मातीतली ठरावीक बुरशी आत शिरावी लागते आणि तीच त्याला जेवू घालते. हे पहिल्यांदा लक्षात आलं १८९९ साली, नोएल बर्नार नावाच्या तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या, आणि कुठल्या झाडावर तर बर्ड्स नेस्ट ऑर्किडवर, जी आपल्या ट्वेब्लेडच्याच निओटिया कुळीतली! तिला तर हिरवी पानंच नाहीत, आयुष्यभर बुरशीच्या जिवावर जगते. ट्वेब्लेडला पानं आहेत, ती स्वतःचं अन्न करते, पण बुरशीचा हात सुटलेला नाही. आणि ती बुरशी त्या जागेतल्या कुजणाऱ्या पानांशी, मुळांशी, पाण्याशी बांधलेली. तू डब्यात रोप आणशील, ते सगळं कसं आणशील?

पेठेतला_मास्तर

तेजस, पुढचा प्रश्न तू विचारणारच म्हणून आधीच लिहितो. बाजारातली ऑर्किड मग कशी वाढवतात? १९२२ साली लुईस नडसनने दाखवलं की बुरशीच्या जागी साखर घातलेल्या आगार नावाच्या जेलीवर निर्जंतुक बाटलीत बी रुजवता येतं. आजचा फॅलेनॉप्सिसचा, म्हणजे दुकानात दिसणाऱ्या कुंडीतल्या ऑर्किडचा, सगळा धंदा त्यावर उभा आहे. पण बाटलीत रुजणं वेगळं आणि उत्तरेकडची जमिनीतली आमरी बाहेर वाढून फुलवणं वेगळं. तुला थंड कपाटच वापरायचंय तर नर्सरीत बाटलीतून तयार केलेल्या थंड हवेच्या जाती मिळतात त्या घे, रानातलं काही नको.

गोंयकार_तेजस

पटलं सर. रानातलं नको. नर्सरीवाल्यांची नावं व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

पेठेतला_मास्तर

करतो.

भटकंती_लेस्टर

आम्ही जूनमध्ये मुलांना घेऊन स्कॉटलंडला केर्नगॉर्म्सच्या डोंगरात जातोय. अ‍ॅबर्नेथीच्या जंगलात मिळेल असं वाचलंय. अवनी नेमकी जागा सांगशील का, म्हणजे पिन टाकली तर बरं पडेल, मुलांना घेऊन फार हुडकायला नको.

अवनी_अ‍ॅबर्डीन

दादा, पिन मी टाकणार नाही. राग मानू नका, ही लाखात एक अशी दुर्मिळ नाही त्यामुळे चोरीची भीती फारशी नाही, माझी भीती पायांची आहे. एका ठिकाणी दहा माणसं गुडघे टेकून गेली की शेवाळाची गादी दबते आणि तिला परत उठायला वर्षं लागतात.

आणि अ‍ॅबर्नेथीचं अजून एक आहे. तिथे कॅपरकेली हा मोठा रानकोंबड्याच्या जातीचा पक्षी आहे, आख्ख्या स्कॉटलंडात पाचशेच्या आसपास उरलेत. जमिनीवर अंडी घालतो, मे-जून म्हणजे ऐन अंडी-पिल्लांचा काळ, त्या वेळी त्या जंगलात पायवाट सोडायचीच नाही. ट्वेब्लेड बघायला पायवाट सोडून ब्लेबेरीत घुसलात तर पिल्लं आईपासून तुटतात. तिथे वाटेच्या कडेनेच बघा, कडेच्या शेवाळात दिसली तर दिसली.

भटकंती_लेस्टर

पण स्कॉटलंडमध्ये राइट टु रोम आहे ना? कुठेही फिरता येतं असं ऐकलंय.

अवनी_अ‍ॅबर्डीन

आहे, २००३ च्या लँड रिफॉर्म अ‍ॅक्टने दिलेला. पण त्यात 'जबाबदारीने' ही अट आहे, आणि पिल्लांच्या दिवसात पायवाट न सोडणं ही त्यातलीच जबाबदारी. मुलांना घेऊन जायचंच तर जंगलापेक्षा उघड्या मुअरवर वाटेलगत जुनं उंच हेदर असेल तिथे थांबा, उत्तरेचा उतार बघा. मुलांची उंची कमी असते, त्यांना आपल्या आधी दिसते ही, खरंच.

मधुरा_व्हॅन

मला मात्र वाटतं थोडी तरी जागा सांगायला हवी. मी ह्या छंदाला लागले कारण एका बाईंनी मला हात धरून जागा दाखवली होती. कोणी काही सांगितलंच नाही तर नवीन माणूस येणार कसा? आणि लोकांना माहीत नसेल तर जागा वाचवायला भांडणार कोण?

अवनी_अ‍ॅबर्डीन

मधुरा तुझं म्हणणं अर्धं मान्य. हात धरून दाखवायला मी कायम तयार आहे, इथल्या कोणी आलं तर मी स्वतः घेऊन जाईन. उघड्या इंटरनेटवर पिन टाकणं वेगळं. आणि भांडायला नोंद लागते हे अगदी खरं, म्हणून सापडली की बोटॅनिकल सोसायटी ऑफ ब्रिटन अँड आयर्लंडच्या त्या भागातल्या रेकॉर्डरला नक्की कळवा, किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर लोकेशन लपवायचा पर्याय निवडून टाका. नोंदही झाली आणि जागा पण झाकली राहिली.

कारण खरं संकट ट्रेकरांचं नाहीच आहे. मुअरवर चर खणून पाणी काढलं की शेवाळ सुकतं. हरणं फार झाली की सगळं चरून टाकतात. आणि ग्राउस पक्ष्याच्या शिकारीसाठी हेदर पट्ट्यापट्ट्याने जाळतात, त्याला मुअरबर्न म्हणतात, म्हणजे कोवळं हेदर फुटून पक्ष्यांना खायला मिळावं. हेदर परत येतं हो, पण ट्वेब्लेडला हवं असतं ते जुनं उंच हेदर आणि खालची ओली गादी, ती परत यायला फार काळ लागतो आणि तोपर्यंत पुढची जाळणी आलेली असते. २०२४ मध्ये स्कॉटिश पार्लमेंटने मुअरबर्नला लायसन्स लागेल असा कायदा पास केलाय, माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं.

रानवेडा_सातारा

हे वाचून सड्यांवरचे वणवे आठवले. आमच्याकडे पण गवत चांगलं येतं म्हणून जाळतात. कंदवाल्या आमरी जमिनीखाली वाचतात, पण झाडावरच्या होरपळतात.

देवदार_पाऊलवाट

भारतात हिची भावंडं आहेत का? मी उत्तराखंडला बरेचदा जातो.

पेठेतला_मास्तर

ही नेमकी जात नको शोधायला, पण कुळी आहे. हिमालयात निओटिया पिनेटोरम ही दोन पानांची, आणि निओटिया लिस्टेरॉइडिस ही बिनपानांची, पाइन-देवदारच्या सावलीत. शिवाय गुडयेरा रेपेन्स, ही तर स्कॉटलंडच्या पाइनमध्येही आहे आणि हिमालयातही, दोन्हीकडे तीच जात. पानांवर जाळीदार नक्षी, पांढरी छोटी फुलं एका बाजूला वळलेली. हिच्यावरच शेफिल्डच्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की मोठी झालेली आमरी बुरशीला उलट स्वतःची साखर देते. तोवर सगळे समजत होते की आमरी नुसतं घेते.

एक सूचना, जुन्या पुस्तकांत ह्या दोन पानवाल्यांना लिस्टेरा म्हटलेलं सापडेल. लिनियसने १७५३ ला तिला ऑफ्रिस म्हटलं, पुढे लिस्टेरा झाली, आणि आता डीएनए बघून बिनपानांच्या बहिणींबरोबर निओटियात टाकलीय. इंडेक्समध्ये तिन्ही नावं बघा.

देवदार_पाऊलवाट

धन्यवाद सर, ऑगस्टमध्ये जातोय, गुडयेरा नक्की बघतो.

निशिगंध

अवनी, फोटो कसे काढतेस ते सांग ना, माझे सगळे हलतात.

अवनी_अ‍ॅबर्डीन

फोनला क्लिप लावायची मॅक्रो लेन्स पण चालते. ट्रायपॉड नको, त्याचे पाय शेवाळात रुततात, छोटी वाळूची पिशवी ठेवून त्यावर फोन. फ्लॅश टाळते, एक पांढरा कागद खाली धरला की उजेड परत फिरतो. आजूबाजूचं हेदर तोडून 'फ्रेम साफ' करायची नाही, हाताने धरायचं आणि काम झालं की सोडायचं, उघडं राहिलं तर ऊन लागून शेवाळ सुकतं.

@भटकंती_लेस्टर जूनचा दुसरा पंधरवडा धरा. दुपारी वारा असतो तेव्हा जा, संध्याकाळी मिजेस म्हणजे चावरी चिलटं उभं राहू देत नाहीत, मुलांना डोक्यावर जाळी घ्या. फुलपँट मोज्यात खोचायची आणि घरी आल्यावर सगळ्यांच्या अंगावर गोचीड बघायची, लाइम रोगाचा धोका असतो, विशेषतः गुडघ्यामागे आणि काखेत. केर्नगॉर्म्सला कोणत्या गावात उतरताय ते व्यनि करा, तिथून मुलांना झेपेल अशी वाट सांगते, आणि शनिवार असेल तर मीच येईन बरोबर.